आमच्या शेजारचे सेनेटर

लोकशाहीवर इतकं जीव टाकून प्रेम करणारा आणि तिच्यापुढे इतका गोंधळून जाणारा माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. आमच्या शेजारचे ब्रिगेडियरसाहेब मूळचे नायजेरियाचे. २००१ साली आम्ही अमेरिकेत, शुगर लँडमध्ये घर घेतलं, तेव्हा ते निवृत्त होऊन शेजारी आपल्या डॉक्टर मुलीकडे राहत होते. ज्या उन्हाळ्यात मेलबॉक्सपर्यंत जाऊन आलं तरी शर्ट अंगाला चिकटतो, त्या उन्हाळ्यात ते कडक इस्त्रीची पँट घालून फुटपाथवरून असे चालायचे, की दोन्ही बाजूंची घरं सावधान उभी आहेत असं वाटावं. आमचं सामान उतरत असताना ते कुंपणापाशी आले, आम्ही पुण्याचे आहोत हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं, "पंक्चर आहे का?" तरुणपणी ते खडकवासल्याला कॅडेट होते. तिथल्या वास्तव्याचा बराचसा भाग शिक्षा म्हणून सायकल डोक्यावर घेऊन पळण्यात गेला, आणि मराठी म्हणून जे काही लक्षात राहिलं ते सगळं सायकलच्या दुकानातलं होतं.

आपली कारकीर्द ते फार सरळ सांगत. लष्करात बढत्या मिळत गेल्या. मग एका सकाळी राजधानीत लष्कराने सत्ता घेतली आणि रेडिओवरून जाहीर झालं, की हे एका राज्याचे गव्हर्नर झाले. "मी दाढी करत होतो," ते म्हणायचे, "बायको म्हणाली, तुमचं नाव घेतलं बघा." गव्हर्नर झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते विधानसभेला कुलूप लावण्याचं. हे काम त्यांनी हाताखालच्या माणसावर सोपवलं नाही, स्वतः गेले. आत बसलेल्या म्हाताऱ्या सभापतींना अदबीने बाहेर आणलं, पाऊस होता म्हणून त्यांच्या डोक्यावर छत्री धरली, त्यांना गाडीत बसवलं आणि मग दार बंद केलं. छत्रीचा भाग ते दर वेळी आवर्जून सांगत. त्यांची मुलगी मात्र हा किस्सा सुरू झाला की उठून आत जायची. वडील गव्हर्नर होते तेव्हा ती कॉलेजात होती, आणि वर्गात तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नसायचं, असं तिने एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं.

तर अशा या माणसाने आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेची निवडणूक लढवायचं ठरवलं. आजवर आपल्याला सगळ्यांनी नेमलं, निवडून कोणीच दिलं नाही, ही खंत त्यांना आत कुठेतरी टोचत असावी. प्रचार म्हणून त्यांनी घरोघरी जाऊन हिरवळीची तपासणी केली आणि ज्यांचं गवत वाढलं होतं त्यांना ते तोंडावर सांगितलं. विरोधात दाताच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एक बाई होत्या. पोहण्याचा तलाव संध्याकाळी जरा उशिरापर्यंत उघडा ठेवू, एवढंच त्यांचं म्हणणं. ब्रिगेडियरसाहेब सपाटून पडले. त्यांना सर्वात नवल वाटलं ते मुलीनेही त्या बाईंनाच मत दिल्याचं. "मला पोहायला आवडतं, डॅडी," ती शांतपणे म्हणाली.

लोकशाही जवळून पाहावी म्हणून मी त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या सर्वसाधारण सभेला घेऊन गेलो आणि शेजारी बसून भाषांतर करत राहिलो. गणपतीच्या जेवणात श्रीखंड ठेवायचं की बासुंदी, यावर दुपार संपली, मुंबईकरांनी सभात्याग केला, नागपूरकरांनी त्यांना पार्किंग लॉटमधून समजूत घालून परत आणलं, आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. परतताना गाडीत त्यांनी आधी सीटबेल्ट लावला. मग म्हणाले, "आम्ही ती कुलपं का लावायचो, ते आता मला नीट आठवलं."

पण निवडणुकीची चटक लागली होती. त्यांच्या देशात निवडणुका आल्या तेव्हा मुलीचा विरोध असतानाही त्यांनी सेनेटसाठी अर्ज भरायचं ठरवलं. अडचण एकच होती, त्यांना मागता येत नव्हतं. आयुष्यभर हुकूम सोडलेल्या जिभेला विनंतीचं वळणच नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात ते माझ्या बायकोसमोर सराव करत. "मला मत द्या," असं म्हटलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या. बायको त्यांना पोळी वाढता वाढता सांगायची, "असं नाही ब्रिगेडियर अंकल. जरा द्या ना, असं म्हणायचं." तिच्या मते त्या 'ना'मध्येच सगळी लोकशाही होती. ते आपल्या भाषेत त्या 'ना'ला शब्द शोधत विमानात बसले, आणि आम्हा सगळ्यांना चकित करून निवडून आले.

मग दर उन्हाळ्यात ते सेनेटर म्हणून यायला लागले. एका मोठ्या समितीचं अध्यक्षपद मिळालं, त्यासोबत एक मदतनीसही आला. हा बिचारा सूट घालून इंडियन ग्रोसरीत त्यांच्या मागे कोथिंबिरीची जुडी धरून उभा असे. सेनेटमध्ये काय चालतं असं विचारलं, तर साहेब म्हणत की मुख्यतः जेवणाची सुट्टी. पण एक गोष्ट त्यांना छळायची. त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत ते छत्रीखालचे जुने सभापती निवडून येऊन बसले होते. त्या म्हाताऱ्याने जुन्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त रोज सकाळी बसताना तो हसून विचारायचा, "आज दार उघडं राहील ना?" पहिल्या उन्हाळ्यात साहेबांनी हे आम्हाला हसत हसत सांगितलं. दुसऱ्या उन्हाळ्यात सांगताना ते हसले नाहीत.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. मदतनीस नाहीसा झाला, साहेब परत मुलीकडे आले आणि त्यांचे फोन वाजायला लागले. एका दुपारी आमच्या मागच्या अंगणातल्या पॅटिओवर चहा पीत असताना जुन्या लष्करी मित्राचा फोन आला. त्याचा आवाज इतका मोठा होता, की पलीकडचं इंग्रजी मलाही ऐकू येत होतं. निकाल फिरवता येईल, बरॅकमधली मुलं अजून तुमचा शब्द मानतात, असं काहीतरी पलीकडून चाललं होतं. साहेब ऐकत राहिले. मुलगी त्यांना औषध द्यायला कुंपणाच्या फाटकातून आली होती, ती तिथेच थांबली. शेवटी ते म्हणाले, "नाही. लोकांनी मला घरी बसायला सांगितलंय. मी घरी बसलोय." आणि फोन ठेवून दिला. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. मुलगी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. इतक्या वर्षांत आमच्या अंगणात ती पहिल्यांदाच त्यांच्याजवळ बसत होती.

"आज मी तुम्हाला मत दिलं असतं, डॅडी," ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली आणि आमच्या लिंबाच्या झाडाला पाणी कमी पडतंय, असं मला बजावलं.

२००८ साली मी नव्यानेच इथला नागरिक झालो होतो. पहिल्यांदा मत द्यायला निघालो तेव्हा साहेब म्हणाले, मीही येतो. मतदान लायब्ररीत होतं आणि रांग पार्किंगपर्यंत आली होती. बाहेरच्यांनी कुठवर यायचं याची खूण केली होती, तिच्या अलीकडे ते हॅट हातात घेऊन उभे राहिले. मी बाहेर आलो तेव्हाही ते तिथेच होते, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होते.

"आत कोणी काही म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"नाही. गेलो आणि आलो."

"भीती वाटली नाही?"

"नाही."

मी गाडीची किल्ली काढली, पण ते हलेनात. थोडा वेळ बघू दे, म्हणाले. हिवाळ्यात ते कायमचे आपल्या देशी परत गेले. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की मला त्यांची पदं आधी आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की उन्हात लायब्ररीसमोर आम्ही दोघं उभे होतो, रांग मुंगीच्या पावलांनी आत सरकत होती, आणि ते सेनापतीच्या ताठ्याने उभे राहून, लहान मुलाने सर्कशीचा तंबू पाहावा तसे, ते सगळं पाहत होते.