केतकीच्या पायाखालची गादी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी ऑफिसात कुणाचं कुणाशी बिनसलं इथपासून सगळं सांगते. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही आइंडहोवनला राहतो. या देशात चढायला दगड नाही — सगळं पोळपाटासारखं सपाट. त्यामुळे इथले चढाईवेडे लोक आठवडाभर हॉलमधल्या प्लास्टिकच्या भिंतींना लटकतात आणि जोडून सुट्टी आली की गाडीत तंबू टाकून, बेल्जियम ओलांडून, फ्रान्समधल्या एका जंगलात जातात. म्हणायला जंगल, पण आत पांढऱ्या वाळूची मैदानं आणि त्यात घराएवढे धोंडे. आमच्यात त्याला वाळवंटच म्हणतात. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही चौघं तिथे गेलो होतो. मी, निखिल, त्याचा मित्र अमेय आणि केतकी.

केतकी कोल्हापूरची. इथे पीएचडी करायला आलेली, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, मला ताई म्हणणारी. चढायला तिला मीच शिकवलं, बरं का. पहिले बूट माझेच वापरले तिने. आणि वर्षभरात ती माझ्या पुढे गेली! गुरूची विद्या गुरूलाच — असं मी सगळ्यांसमोर हसत हसत म्हणायचे. हसायला काय जातंय? पोटात दुखायचं माझ्या.

या प्रकारच्या चढाईत दोर नसतो. खाली जाड गाद्या टाकायच्या, पडलो तर त्यांच्यावर पडायचं. आणि एक नियम — मीच तो केतकीला पहिल्या दिवशी शिकवला होता — की चढणाऱ्याने खाली बघायचं नाही. गादी कुठे हवी ते खाली उभं राहणाऱ्याने बघायचं. म्हणजे जीव दुसऱ्याच्या हवाली करायचा, दुसरं काय?

त्या रविवारी एका धोंड्यावर मी सकाळपासून आपटत होते. सात वेळा पडले. बोटांची सालं निघाली. निखिल आणि अमेय पाण्याचे कॅन भरायला तंबूकडे गेले, तेव्हा केतकी म्हणाली, "ताई, मी एकदा बघू का?" बघ ना, मी म्हटलं. माझं तोंड एवढंसं झालं होतं. दोन गाद्यांपैकी एक मी आधीच पाइनच्या सावलीत ओढून नेली होती, बसायला. तिच्यावर बूट काढून बसले होते. रुसून — चाळिशीला टेकलेली बाई, दगडावर रुसून!

ती चढायला लागली. मी अडकत होते ती जागा तिने सहज ओलांडली आणि उजवीकडे सरकू लागली. तिथे खाली दुसरी गादी हवी होती. वरूनच तिने विचारलं, "गाद्या आहेत ना, ताई?"

"आहेत गं," मी म्हटलं.

बसल्या जागेवरून. उठलेसुद्धा नाही.

वाटलं होतं का मला, की ती पडावी? हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. हाडं मोडावीत असं नव्हतं वाटलं, देवाशप्पथ. पण पडावी — माझ्यासारखी एकदा तरी पडावी — हो. वाटलं होतं.

ती पडली. गादी नव्हती तिथे, पाइनच्या मुळावर. घोटा मोडल्याचा आवाज मला बसल्या जागी ऐकू आला.

मी धावले. गादी घेऊन धावले. ती तिच्या अंगालगत, जिथे आधीच असायला हवी होती तिथे, सरकवून ठेवली. निखिल आणि अमेय ओरडा ऐकून आले तेव्हा मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. काय झालं, तर म्हटलं, "घाबरली रे ती ऐन वेळी. गादी सोडून बाजूलाच उडी टाकली." इतकं सरळ आलं तोंडातून, की माझं मलाच नवल वाटलं. आणि केतकीने ते ऐकलं. ऐकून म्हणाली, "सॉरी. तुमच्या सगळ्यांच्या सुट्टीचा विचका केला मी."

घोट्यात प्लेट घालावी लागली. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, इथले जिने शिडीसारखे उभे, म्हणून दीड महिना ती आमच्याकडे राहिली. मी तिला न्हाऊ घातलं, मऊ भात केला, इस्पितळात नेलं-आणलं. तिची आई व्हिडिओ कॉलवर डोळे पुसत म्हणायची, "वैशाली, तू होतीस म्हणून जीवात जीव आला बघ." आणि मी म्हणायचे, अहो काकू, त्यात काय. करून सवरून नामानिराळी, ती मीच.

केतकीने चढणं सोडलं. चला, छंदच तो, म्हणता आलं असतं. पण गेल्या महिन्यात तिच्या प्रोफेसरने तिला नव्या प्रयोगाची सगळी जबाबदारी देऊ केली. हाताखाली सहा माणसं. याचसाठी तर ती या देशात आली होती. तिने नाही म्हटलं. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मला म्हणाली, "ताई, तू तर पाहिलंयस. ऐन वेळी माझं अवसान गळतं." मी कोथिंबीर निवडत होते. तेव्हा एकच वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, बरं केलंस, जीवाला उगाच घोर नको.

तिचं अवसान गळलं नव्हतं. शेवटच्या पकडीपर्यंत गेली होती ती. हे जगात फक्त मला ठाऊक आहे.

आणि वर लिहिताना मी एक गोष्ट गाळली. आत्ताही गाळलीच मी, बघा! पडल्यावर केतकीने डोळे घट्ट मिटून माझ्या दिशेने हात पुढे केला होता. ताई, ताई म्हणत होती. मी तिच्यापर्यंत पोचले, तो हात पाहिला — आणि तो हवेत तसाच ठेवून आधी गादी नीट लावली. कोपरे सरळ केले. मग हात धरला.