पत्ता शेवटाकडून वाचणारे काका

आमच्या सांगवीच्या सोसायटीत इंटरनेटवर कुणालाही न विचारता थेट हव्या त्या दारात जाऊन उभा राहणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका. मूळचे बीडकडचे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते डिस्पॅचला होते. खोक्यांवरचे पत्ते तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मुलाने जुना कॉम्प्युटर दिला आणि काकांना पुन्हा ड्युटी लागली. नाव टाकून शोधणं त्यांना कमीपणाचं वाटे. "गाव माहीत असताना नाक्यावर कशाला विचारायचं?" म्हणत ते पूर्ण पत्ता एका बोटाने टाइप करत, तोही मोठ्याने, त्यामुळे काका आज रेल्वेकडे निघालेत की हवामान खात्याकडे, हे आम्हाला घरबसल्या कळे. एका लग्नात त्यांनी मांडववाल्याच्या बोर्डावरच्या वेबसाइटमध्ये डॉटऐवजी स्वल्पविराम पडल्याचं दाखवलं. कोण बघतंय काका, असं तो म्हणाला, तर हे शांतपणे म्हणाले, "ज्याला यायचंय तो बघतो."

आम्ही हसायचो. माझ्या मुलीचा डिप्लोमा झाला त्या वर्षापर्यंत हसलो. एका दुपारी तिच्या मोबाइलवर चाकणच्याच एका मोठ्या कंपनीतून निवड झाल्याचा मेसेज आला. घरात पेढे आले, मैत्रिणींना फोन झाले. ती लिंक उघडून फॉर्म भरत होती, आधार आणि मार्कशीट जोडायचं तेवढं राहिलं होतं, तेवढ्यात काका पेपर परत द्यायला आले.

"काय भरू लागलीस, बाळा? पत्ता वाच बरं."

तिने वाचला. सुरुवातीलाच कंपनीचं नाव होतं, मला तर शंकाही आली नाही. काकांनी मात्र तिला पुढे वाचायला लावलं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या, पुढची तिरकी रेघ येईपर्यंत जायचं आणि तिथून मागे बघायचं. डॉट कॉमच्या अगदी आधी काय आहे, असं त्यांनी विचारलं. तिथे भरतीबिरतीचं कसलंसं भलतंच नाव होतं.

"मग घर त्याचं. कंपनीचं नाव नुसतं खोलीवर लिहिलंय. आपल्या घरातल्या खोलीला कुणी काहीही नाव देतं."

मुलगी रडायला लागली. फसता फसता वाचल्याचं नव्हे, नोकरी नसल्याचं ते रडणं होतं. काका तिची समजूत घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला बसने घेऊन चाकणला त्या कंपनीच्या गेटवर गेले. असा मेसेज आम्ही पाठवलाच नाही, असं तिथे सांगितलं; पण काकांनी वेबसाइटचा खरा पत्ता कागदावर लिहून आणला. तिने तिथे अर्ज केला. बोलावणं यायला पाच महिने लागले, पण आलं.

पुढे एका रविवारी काका जरा गडबडून आमच्याकडे आले. त्यांच्या स्वतःच्या कंपनीचं पान उघडत नव्हतं. रोज संध्याकाळी ते एकदा तिथे डोकावून येत, हे मला त्या दिवशी कळलं. कंपनी दुसऱ्यांनी घेतली होती. मी सांगितलं, वेबसाइटचं नाव आपल्यासाठी असतं, मशीनला त्यामागचा नंबर लागतो. कुठल्या नावाचा कुठला नंबर याची नोंद असते, आणि ते नाव कुणी पुढे चालू ठेवलं नाही तर नोंदीतून निघून जातं.

"आणि आत जे होतं ते?"

सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच चाकणला गेले. परतल्यावर आमच्याकडेच टेकले, पाणी प्याले.

"बोर्ड नवा हाय," ते म्हणाले. "आत कुणी सोडलं नाही. पण पत्रा दाबायची प्रेस आपलीच हाय. रस्त्यावरून आवाज ओळखला मी."

त्या दिवशी जेवण झाल्याशिवाय आम्ही त्यांना उठू दिलं नाही.