हात लावू नये

गौराक्का माणूस ओळखायची ती वासावरून. पहिल्याच भेटीत तिनं माझा हात धरला, नाकाशी नेला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाई, लसूण सोलता सोलता आलाय व्हय?" मी खरोखरच शेंगाचटणी अर्धवट टाकून गेले होते. लहानपणी तापात तिचे कान गेले, पाठोपाठ डोळे गेले. वाचा तेवढी राहिली, पण आपला आवाज केवढा आहे हे तिला कळायला मार्गच नव्हता. तिच्याशी बोलायचं म्हणजे तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं गिरवायची. मी शाळेतून निवृत्त होऊन सोलापुरात तिच्या शेजारी राहायला आले आणि बघता बघता तिचे कान-डोळे होऊन बसले. पगार नाही, बोलणी मात्र भरपूर.

आपल्यासारख्या मुलांसाठी तिनं जन्मभर भांडण मांडलं, त्यामुळं गावात तिचे सत्कार फार. आणि सत्कार करणाऱ्यांची अक्कल काय सांगू! कुणी भिंतीवरचं घड्याळ दिलं, कुणी रेडिओ दिला, एका मंडळानं तर दुर्बीण दिली. मानपत्रं सगळी काचेच्या चौकटीत. अक्का त्यावर बोटं फिरवायची आणि म्हणायची, "गुळगुळीत हाय. लई छान लिवलंय." एका विणकरानं चादरीत तिचा चेहरा विणून दिला. तो तिनं नीट चाचपला आणि भर सभेत सांगितलं, "नाक दुसऱ्याचं हाय. पन ऊब चांगली हाय."

भाषणं तिच्या हातावर उतरवायचं काम माझं. "त्यागमूर्ती", "ज्ञानज्योती", "सोलापूरचं भूषण" हे गिरवून गिरवून माझं बोट दुखायचं आणि तिला गुदगुल्या व्हायच्या. एकदा मी कंटाळून नुसतं लिहिलं, "अजून तेच." अक्का सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अजून तेच चाललंय व्हय?" प्रमुख पाहुणे पाण्याचा घोट घेऊन खाली बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पण प्रत्येक सत्कारात ती एकच मागणं मागायची. "मला चादर नको, नारळ नको. एक खोली द्या. ह्या पोरांना हातावर शिकवायचं हाय. माझ्या घरात पाय ठेवायला जागा न्हाय, सगळी तुमची मानपत्रंच हायत." त्यावर टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. टाळ्या तिला कळाव्यात म्हणून मी तिच्या पाठीवर बोटांनी ताशा वाजवायची. वर्षानुवर्षं हेच झाल्यावर ती मला म्हणाली, "बाई, ताशा जोरात वाजला की समजायचं, खोली न्हाय."

शेवटी एका संस्थेनं खोली दिली. उद्घाटनाला अक्का नवं इरकली लुगडं नेसून आली. भिंतीला हात लावून तिनं खोलीला पुरा फेरा मारला. "केवढी मोटी हाय! पोरं मावतील की!" एवढ्यात तिचा हात एका काचेच्या कपाटाला लागला आणि कुंभारीहून आलेला नवा रखवालदार धावत आला. "ओ आजी, हात लावायचा न्हाय!" ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यानं तिला पाटी दाखवली: 'कृपया वस्तूंना हात लावू नये.' मी कपाळावर हात मारून घेतला. ते 'गौराक्का जीवनगौरव दालन' होतं. घरातली अडगळ कमी करतो म्हणून संस्थेनं नेलेली घड्याळं, रेडिओ, दुर्बीण, मानपत्रं, सगळं तिथं मांडलेलं.

हे तिच्या हातावर लिहायची माझ्यावर वेळ आली. एवढं अवघड मी जन्मात काही लिहिलं नाही. अक्कानं काचेवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "म्हंजे मी मेली व्हय?"

संस्थेचे अध्यक्षसाहेब गडबडले. म्हणाले, "तसं नाही अक्का, आपल्या जीवनाशी संबंधित सर्व वस्तू इथं जतन होणार." मी ते तिच्या हातावर लिहिलं.

"मग मला बी ठेवा की," अक्का म्हणाली. "माझ्या जीवनाशी माझाच लई संबंध हाय."

दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची टाकून दालनात बसली. मुलं दालन बघायला म्हणून यायची आणि तिच्याभोवती बसून हातावर शिकायची. रखवालदारानं हरकत घेतली, तर म्हणाली, "पोरांनी कुटं हात लावला? मीच लावते की त्यांना. वस्तूनं लावू नये असं लिवलंय का?" त्यानं पाटी दोनदा वाचली आणि मुकाट्यानं स्टुलावर जाऊन बसला. संस्थेच्या अहवालात छापून आलं की दालनाला उदंड प्रतिसाद आहे. अशी वर्षं गेली. तिची पहिली विद्यार्थिनी पद्मा, त्याच चादरवाल्या विणकराची मुलगी, हळूहळू लहानांना शिकवू लागली.

मग अक्का खरोखरच गेली. शोकसभा दालनातच झाली. मी पद्माशेजारी बसून तिच्या हातावर भाषणं उतरवत होते आणि माझे डोळे वाहायचे काही थांबत नव्हते. अध्यक्षांनी जाहीर केलं, आता अक्कांची खुर्ची काचेत ठेवणार आणि दालनाचं पावित्र्य जपायला इथली गर्दी बंद करणार. आणि लोकांनी, शोकसभेत, टाळ्या वाजवल्या. सवयीनं माझी बोटं पद्माच्या पाठीवर वाजली. तिनं माझा हात ओढला आणि लिहिलं, "खोली गेली?"

माझं डोकं सटकलं. मी पद्माला उठवलं आणि सरळ नेऊन अक्काच्या खुर्चीत बसवलं. अध्यक्ष तिला उठवायला हात पुढं करून आले. तोच रखवालदार स्टुलावरून उठला आणि मधे उभा राहिला.

"साहेब, हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. "पाटी हाय."

तोवर पद्मानं तळहात उघडून पुढं धरला होता, आणि मुलं एकेक करून तिच्याजवळ यायला लागली.