मुख्यालयासाठी मोकळा केलेला रस्ता

आमच्या कार्यालयासमोरचा बसथांबा काल सकाळी पाडायला घेतला. बाकावर कुसुममावशी बसल्या होत्या. त्या आमच्या इमारतीतल्या फरश्या पुसतात. पहाटेची पाळी आटोपून त्या घरी निघाल्या होत्या.

"उठा मावशी," मुकादम म्हणाला. "उद्या परदेशी कंपनीचे साहेब जागा बघायला येतायत. त्यांचं मुख्यालय आपल्या शहरात आणायचंय. रस्ता मोकळा दिसला पाहिजे."

"आणा की!" मावशी जागच्या हलल्या नाहीत. "पण तिथल्या फरश्या कोण पुसणार? आमच्यासारख्याच ना? मग आम्ही बसमधून उतरायचं कुठं?"

मुकादम छप्पर खोलणाऱ्या मजुरांकडे वळला. मला मात्र संताप आवरेना. पाहुण्यांना शहर आवडावं म्हणून त्यातली माणसंच नजरेआड करायची, ही कुठली रीत? बसची वाट बघणारी बाई दिसली तर शहराची अब्रू जाते काय? मुख्यालयाच्या काचेच्या इमारतीत उद्या कामाला येणारे सगळे काय आभाळातून उतरणार आहेत? मी तरातरा गेलो आणि मावशींशेजारी बसलो.

त्यानं काही साधलं नाही. दुपारपर्यंत छप्पर गेलं, बाकही गेला.

आज पाहुण्यांच्या गाड्या काळ्या काचा बंद करून सुसाट निघून गेल्या. मागून बस आली. रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या असलेल्या मावशींनी हात केला, आणि ड्रायव्हरनं बस तिथंच थांबवली.