आधी उतरायला शिकवणाऱ्या शैलाताई

शैलाताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी दारातच थबकले होते. चार वर्षांपूर्वी आठ वर्षांच्या इराला, माझ्या मुलीला घेऊन मी काचीगुड्यातल्या त्यांच्या हॉलवर गेले होते. एरियल योगा म्हणजे टांगलेल्या कापडाच्या आधाराने करायची आसनं, एवढंच मला ठाऊक होतं. छतापासून लोंबणारे झुले आणि त्यांत वटवाघळांसारखी उलटी पोरं बघून काळजात धस्स झालं. ताईंनी खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, "बसा हो. पोरीचं मग बघू. आधी तुमचा श्वास जागेवर येऊ द्या."

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. खांद्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना झुल्यावर चढायला मनाई केली आहे, आणि मुलांचा वर्ग त्यांनी माझ्या हवाली करायचा ठरवला आहे. माझ्यासारख्या भित्रीच्या! तेव्हा या गौरवलेखात आनंदाइतकीच धास्तीही डोकावली, तर वाचकांनी समजून घ्यावं.

ताई ही विद्या पन्नाशीला टेकल्यावर शिकल्या, तीही नोकरी सांभाळून. त्यांची शिकवण्याची रीत मला आधी उफराटीच वाटली. पहिला महिनाभर मूल फक्त उतरायला शिकतं. इरा घरी येऊन कुरकुरायची, "मम्मी, बाकी सगळे उलटे लटकतात, मी नुस्ती उतरतीय!" मी ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चढायला पोरांना शिकवावं लागत नाही. उतरायचं कसं ते माहीत असलं की पोरगं वर शांत राहतं." मुलानं "थांबा" म्हटलं की ताई थांबतात, का म्हणून विचारत नाहीत. स्वतःची भीती ओळखावी, ती मोठ्याने सांगावी आणि त्यात लाजू नये, हे आमची मुलं तिथे शिकतात. शाळेत हे कोण शिकवतं?

मोठ्यांनाही शिकवावं लागतं. एकदा इरा पहिल्यांदा पूर्ण उलटी झाली आणि मी दारातून किंचाळले, "पडशील!" तिचे हात सुटले. पायांना कापडाचा वेढा होता म्हणून ती तशीच लोंबकळली. ताईंनी तिच्या खांद्यांखाली तळवे धरले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "इरा, भीती तुला वाटतीय का मम्मीला?" इराने उलट्याउलट्याच विचार केला. "मम्मीला." सगळा वर्ग हसला. मला मात्र घरी जाऊन रडू आलं. आपली भीती आपण लेकीच्या अंगावर घालतोय, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताईंनी मलाच झुल्यात बसवलं. वर्षभरात मी त्यांची मदतनीस झाले.

माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा ताईंनी इराला आठ दिवस आपल्या विद्यानगरच्या घरी ठेवून घेतलं. झुल्यांच्या एवढ्या गाठी बांधणाऱ्या बाई, पण वेणी काही त्यांना जमेना. पोरगी रोज एक वेणी वर, एक खाली अशा थाटात शाळेत गेली. या आठ दिवसांचा ताईंनी पुढे कधी उल्लेखही केला नाही.

वर्गाआधी शिक्षकाने मुलांसमोर प्रत्येक झुल्यात पूर्ण भार टाकून लटकायचं, हा ताईंचा नेम. ताईंचा खांदा दुखायला लागल्यापासून ते काम आणि तात्पुरता वर्गही माझ्याकडे आला आहे. गेल्या महिन्यात चौथ्या झुल्यात मला वर काहीतरी करकरल्यासारखं वाटलं. निरखून पाहिलं, काही दिसेना. तरी मी त्या दिवशी झुले बंद ठेवले आणि मुलांना जमिनीवरच आसनं दिली. जिन्यात पालक वैतागले. एक आई म्हणाल्या, "हिमायतनगरहून इतक्या ट्रॅफिकमधून आम्ही यासाठी आलो का?" दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने छतातले सगळे हूक तपासले. म्हणाला, "कुछ नहीं हुआ मॅडम, एकदम पक्का है."

मी शरमेने ताईंच्या घरी गेले. म्हटलं, "ताई, वर्ग एखाद्या हिंमतवालीला द्या. मला रोज वर्गाआधी पोटात गोळा येतो."

ताई खांदा शेकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "हिंमतवाली नक्को गं. हिंमतवाली वर बघत नाही. मला इतकी वर्षं रोज गोळा येतो. पोरांना दिसू दिला नाही, एवढंच. तू झुले बंद ठेवलेस ना, त्याच दिवशी मी ठरवलं, वर्ग तुलाच द्यायचा."

ज्यांना चार वर्षं मी निर्धास्त समजत आले, त्या रोज माझ्याइतक्याच घाबरत होत्या. आणि त्यांच्या हाताखालचं एकही मूल आजवर पडलेलं नाही.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, खांदा लवकर बरा होवो, हे मागणं सगळेच मागतील. मीही मागते, पण माझ्या मागण्यात स्वार्थ आहे. सोमवारी अकरा मुलं येणार आहेत आणि मी आत्तापासून घाबरले आहे. तुम्ही खूप वर्षं धडधाकट राहा आणि वर्गात येऊन बसत जा. शिकवू नका, काही बोलूही नका. मुलांना मी सांभाळीन. माझ्या पोटातला गोळा ओळखणारं एक माणूस तिथे असू द्या.