पोस्टरखालचं नाव

माझे वडील अज्ञात नव्हते.

नागनाथ बनसोडे. पेंटर. सोलापुरातल्या थेटरांसाठी तीस वर्षं पोस्टरं रंगवली. पत्ता होता, रेशनकार्ड होतं, दारावर पाटी होती.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं आणि माझा राग अजून गेलेला नाही.

गेल्या वर्षी सोलापुरात जुन्या सिनेमा पोस्टर्सचं प्रदर्शन आलं. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत आले.

प्रत्येक पोस्टरसमोर थांबायचे.

"हे सगळ्यात जुनं. गालावर ब्रश कसा फिरवलाय बघ. दगडात कोरल्यावानी."

"हे त्याच्यानंतरचं. ब्रश न्हाई, लोखंडी पट्टीनं रंग थापलाय. हिरोला राग आलाय म्हणून गाल निळा! पण लोकांना पटलं की!"

फोटो कापून चिकटवलेल्या पोस्टरसमोर ते हसलेच. "चार डोकी, चारीवर उजेड चार बाजूंनी. सूर्य किती हायेत ह्यांच्याकडं?"

मग एका पोस्टरच्या अगदी जवळ गेले.

ते त्यांचं होतं.

खाली छापील लेबल. 'कलाकार: अज्ञात.'

अप्पांनी आयोजकाला बोलावलं. पुण्याचा तरुण मुलगा, बोलायला गोड.

"हे मी केलंय."

"अरे वा काका! पण सही कुठे आहे?"

"आमाला सही कुटं करू देत होते?"

"मग काही प्रूफ?"

प्रूफ!

अप्पा शांतपणे म्हणाले, "हिरॉइनचा फोटो आला तो छातीपर्यंतच. हात नव्हतेच. मग मी ह्या माझ्या पोरीच्या आईला समोर बसवलं. करंगळी बघा. वाकडी हाय. लहानपणी दारात चेमटलेली."

मी पाहिलं. आईची करंगळी.

आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मला तिथे उभं राहवेना.

"काय स्टोरी आहे काका! एक रील करू या!"

रील केलं. अप्पांनी पहिल्याच वाक्यात स्वतःचं नाव सांगितलं. रील आलं तेव्हा ते वाक्य कापलेलं. वर मथळा, 'एका अनाम कलाकाराची गोष्ट.'

मी आयोजकाला फोन केला. "मॅडम, लांब होत होतं. आणि लेबलं प्रिंट झालीत, पुढच्या शहरात नक्की बदलू."

अप्पा म्हणाले, "जाऊ दे पोरी."

त्यानंतर बाराव्या दिवशी ते गेले. हार्ट अटॅक.

महिन्याभराने प्रदर्शन पुण्यात लागलं. मी गेले.

लेबल तेच. आयोजकही तोच.

"प्रोसेस असते मॅडम. डॉक्युमेंट्स मेल करा."

मी मेल केला नाही. पोस्टरशेजारी उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "हे नागनाथ बनसोडेंनी रंगवलंय. माझे वडील."

वॉचमन आला. म्हणाला, "मॅडम, इथे थांबता येत नाही." मी त्यालाही तेच सांगितलं. तो पोस्टरकडे बघत राहिला आणि मग मला स्वतःची खुर्ची आणून दिली.

संध्याकाळी आयोजक कोरं कार्ड घेऊन आला. "नाव सांगा, लिहितो."

मी पेन काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं.

माफी कुणी मागितली नाही. गर्दीतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, त्याही मला नको होत्या. हे कार्ड दीड-दोन महिन्यांपूर्वी, आपल्याच गावात, अप्पांच्या डोळ्यांदेखत लागायला हवं होतं. लिहायला एक मिनिट लागलं हो. एक मिनिट!

तुमच्या गावात कुणी म्हातारा पेंटर असेल तर आजच जा. त्याला नाव विचारा आणि लिहून ठेवा. प्रूफ मागू नका.

अप्पा, तुम्ही "जाऊ दे" म्हणालात. तेवढं एकच तुमचं ऐकलं नाही.

खूप आठवण येते.

तुमच्या हातांना नमस्कार.