आईला घेऊन बँकॉकला, एकोणिसाव्या मजल्यावर

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. नागपूरकडच्या शहापूरला शाळेत शिकवते. वर्गातला पंखा जरा कुरकुरला की मी खुर्ची बाजूला सरकवते. जत्रेतल्या पाळण्यात कधी बसले नाही, गच्चीच्या कठड्याजवळ कधी गेले नाही. अशा बाईने विमानाची तिकिटं काढली ती केवळ आईमुळे.

आई सत्तरीची. बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते तोवर आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहिलो. ते गेल्यापासून आई अड्याळला माझ्या भावाकडे असते. मागच्या वर्षी तिथल्या विहारातल्या काही बायका थायलंडची यात्रा करून आल्या. त्यांनी मोबाइलवर पहुडलेल्या बुद्धाचा फोटो दाखवला. आईने तो दोन बोटांनी मोठा करून किती तरी वेळ पाहिला आणि पुढच्या यात्रेसाठी आपलंही नाव द्यायला गेली. यात्रा नेणाऱ्या माणसाने तिचे गुडघे पाहिले आणि नम्रपणे नाही म्हटलं. त्यानंतर दोन दिवस आई नीट जेवली नाही. भावाने फोन करून हे सांगितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नेतो तिले." फोन ठेवल्यावर विमान किती उंच उडतं ते मी मोबाइलवर शोधलं.

आधी कामाच्या गोष्टी. आईच्या पासपोर्टसाठी जन्माचा दाखला कुठेच मिळेना. शेवटी चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला कामी आला, तेव्हा घरातल्या जुन्या पत्र्याच्या पेट्या उघडून बघा. आम्ही गेलो तेव्हा थायलंडला व्हिसा लागत नव्हता. नियम बदलत असतात, जाण्याआधी खात्री करा. नागपूरहून थेट विमान नव्हतं, म्हणून कोलकात्याहून गेलो. आमच्या यांना सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे आम्ही दोघीच.

विमान धावपट्टीवर वेग घ्यायला लागलं तसा मी आईचा हात धरला. आईला वाटलं मी तिला धीर देते आहे. तिने माझा हात थोपटला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ढग खाली गेल्यावर म्हणाली की खळ्यात धान चुरल्यावर भुसा उडतो तसं दिसून राहिलं. मी डोळे उघडले नाहीत.

बँकॉकचं विमानतळ इतकं मोठं आहे की आमच्या शाळेची पोरं त्यात हरवली तर आठवडाभर सापडणार नाहीत. इमिग्रेशनच्या रांगेत मी दोन्ही पासपोर्ट तीनदा उघडून बघितले. काचेमागच्या अधिकाऱ्याने आईकडे, मग पासपोर्टकडे, मग पुन्हा आईकडे पाहिलं. माझ्या डोक्यात तोवर आम्हाला परत पाठवून झालं होतं. आईने हात जोडले. त्यानेही हात जोडले आणि शिक्का मारला.

विमानतळावरून शहरात जायला रेल्वे आहे. स्वस्त आणि स्वच्छ, पण सामान आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर सरळ टॅक्सी करा. रेल्वे बदलताना सरकत्या जिन्यावर आईचा पदर अडकता अडकता राहिला. डोक्यावरून रस्ते, त्यावरून पुन्हा रेल्वे, आणि त्याच्याही वर काचेच्या इमारती. मी सारखी आईचा दंड धरून चालत होते. हॉटेलात खोली मिळाली एकोणिसाव्या मजल्यावर. खालची देता का, असं माझ्या इंग्रजीत विचारलं. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली की वरून शहर फार छान दिसतं. खोलीत गेल्याबरोबर मी पडदे लावले. आईने ते पुन्हा उघडले.

दुसऱ्या दिवशी ज्याच्यासाठी आलो ते. वाट फो या विहाराला नदीतून बोटीने जाता येतं. तिकीट अगदी थोडं, पण बोट धक्क्याला जेमतेम टेकते. एक माणूस शिट्टी वाजवतो आणि तेवढ्यात उडी मारावी लागते. धक्का आणि बोट यांच्यामध्ये ते तपकिरी पाणी उसळत होतं आणि मला पाऊल उचलता येईना. आईला दोन परक्या माणसांनी दोन्ही बाजूंनी उचलून आत घेतलं. मला मागच्या बाईने ढकललं.

बुद्धाची मूर्ती फोटोत मावत नाही, म्हणून मी तिचं वर्णनही करत नाही. आई डोक्यापासून पायापर्यंत भिंतीला धरून चालत गेली. मोत्याच्या शिंपल्यांनी मढवलेल्या तळव्यांपाशी जाऊन थांबली. तिथून वळून मूर्तीच्या मागच्या बाजूला ओळीने भांडी मांडलेली असतात, एकेकात एक नाणं टाकत जायचं. आईने एकही भांडं चुकवलं नाही. बाहेर आल्यावर सावलीत बसून तिने डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली की तुझे बाबा असते तर इथून निघालेच नसते. त्या दिवशी तासभर मी भ्यायचं विसरले.

जेवणाचं सांगायचं तर शाकाहारी हवं असेल तर 'जे' म्हणा, बहुतेक ठिकाणी कळतं. आम्हाला मासे चालतात, त्यामुळे अडचण आली नाही. आईने भाजलेला मासा चाखून आपल्या तलावातल्याची चव वेगळी म्हणत सगळा संपवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला म्हणून लवकर खोलीवर आलो. आई गुडघ्यांना तेल लावून पडली होती, मी बाथरूममध्ये कपडे पिळत होते. तेवढ्यात छतातून भोंगा सुरू झाला. थांबेच ना. मग थाई भाषेत घोषणा, मग इंग्रजीत. माझ्या कानी एकच शब्द पडला: फायर.

लिफ्टची दारं बंद होती. लोक जिन्याकडे धावत होते. मी आईच्या चपला उचलल्या, पासपोर्टची पिशवी गळ्यात घातली आणि तिला जिन्याच्या दाराशी आणलं. आत सिमेंटचा अरुंद जिना, भिंतीवर मजल्यांचे आकडे. आई चार पायऱ्या उतरली आणि तिचा गुडघा आखडला. ती कठड्याला धरून उभी राहिली. मागचे लोक आमच्या अंगावरून जात होते.

"तू जाय," ती म्हणाली. "मी येतो मागून."

मी गेले.

हे दोन शब्द लिहायला मला चार महिने लागले. मी मदत आणायला गेले नव्हते. माझे पाय निघाले आणि मी त्यांच्याबरोबर गेले. अठरा, सतरा, सोळा. एक माणूस मोठी सुटकेस पायऱ्यांवर आपटत नेत होता. कोणाचं तरी बाळ रडत होतं. चौदाव्या मजल्याशी जळक्या कापडाचा वास आला. मी तोंडावर हात न्यायला गेले तर हातात आईच्या चपला होत्या.

तिथेच थांबले. मागून धक्के बसत होते. वर जायचं म्हणजे सगळी माणसं अंगावर घेऊन जायचं, आणि खाली कुठे तरी आग होती. मी भिंतीला पाठ लावून एक एक पायरी वर चढायला लागले. लोक मला त्यांच्या भाषेत काही सांगत होते, बहुधा खाली जा म्हणत असावेत.

आई अठराव्या मजल्याच्या वळणावर होती. पायऱ्यांवर बसून होती आणि तिच्यासमोर हॉटेलात खोल्या झाडणारी एक बाई तिच्याकडे तोंड करून उभी होती. आईचा एकेक पाय धरून खालच्या पायरीवर ठेवत होती. लहान पोरं जिना उतरतात तशी आई बसत बसत उतरत होती. बाई माझ्याहून थोडी मोठी असेल. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, नोई. मला पाहून तिने काहीही विचारलं नाही. फक्त आईच्या पाठीमागे बोट दाखवलं. मी मागे बसले आणि आईच्या काखेत हात घातले.

नोई सारखी "छा, छा" म्हणत होती. त्याचा अर्थ 'हळू' असतो हे मला नंतर कळलं.

"आता ही बाई चहा काहून मांगून राहिली?" आईने मला विचारलं. मला रडू येत होतं आणि त्यातच हसू आलं.

दहाव्या मजल्याशी धूर दिसला. जाड नव्हता, पण डोळ्यांना झोंबत होता. नोईने खांद्यावरचा टॉवेल आपल्याजवळच्या बाटलीतल्या पाण्याने भिजवून आईच्या तोंडावर धरला. टॉवेलाआडून आई त्रिसरण म्हणायला लागली, बुद्धं सरणं गच्छामि. नोईने मान वर केली आणि तीही म्हणू लागली. शब्द तेच होते, चाल वेगळी होती. मला लहानपणापासून पाठ आहे, पण मी आईच्या काखेतले हात तेवढे घट्ट धरून राहिले. त्या दोघी म्हणत होत्या आणि आम्ही तिघी पायरीपायरीने खाली सरकत होतो.

सातव्या मजल्यानंतर धूर मागे राहिला. तिसऱ्या मजल्यावर अग्निशमन दलाची माणसं भेटली. त्यांनी आईला उचलून बाहेर नेलं. बाहेर पाऊस चालू होता आणि आम्ही त्यात उभ्या राहिलो. नवव्या मजल्यावर कपडे वाळवायचं एक यंत्र पेटलं होतं. कोणालाही काही झालं नाही. दोन तासांनी सगळ्यांना परत आत घेतलं.

मी नोईला पैसे द्यायला गेले तर तिने दोन्ही हात मागे घेतले. मग आईने घरून आणलेली चिवड्याची पुडी तिच्या हातात ठेवली. ती मात्र तिने कपाळाला लावून घेतली.

आम्हाला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. त्या वेळी मागायचं धैर्य मला कुठून आलं कोण जाणे. तुम्ही जाल तेव्हा आधीच खालची खोली मागा, आणि पोहोचल्याबरोबर जिना कुठे आहे तो पायाने चालून बघून ठेवा. चौथ्या दिवशी उंच मनोऱ्यावर जायचं बुकिंग होतं, ते सोडून दिलं. बागेत बसलो, मंगोस्टीन नावाची फळं खाल्ली आणि विमानतळ गाठलं.

घरी आल्यावर आई जो भेटेल त्याला सांगत सुटली की पोरीनं मले एकोणीस माळे उतरवलं. विहारातल्या बायकांसमोर सांगितलं, भावाच्या सासऱ्यांना सांगितलं. मी बाजूला बसून ऐकायची आणि माझी मान खाली जायची. विमानाची भीती आता थोडी कमी झाली आहे, लिफ्टची वाढली आहे. पण या प्रवासातून माझ्याजवळ खरी उरलेली गोष्ट म्हणजे सोळा, पंधरा, चौदा हे भिंतीवरचे आकडे.

मागच्या रविवारी अड्याळला गेले होते. अंगणात आई सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. मी तिला सांगितलं की मी मदत आणायला गेले नव्हते. तुला सोडून गेले होते.

आईचा हात थांबला नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तू गेली तवा मले बरं वाटलं. म्हटलं, चला, पोरगी तर वाचली. मंग तू परत वर येतानी दिसली ना, तवा मले खरं भेव लागलं."

तिने सूप माझ्याकडे सरकवलं आणि आपल्याला आता बारीक खडे दिसत नाहीत म्हणाली. मी डाळ निवडायला बसले.